जा, दुसरी आई शोध

४ जून, मंगळवार

आलो एकदाचे नव्या घरात. सातवा मजला, लिफ्ट चालू, नळाला धो धो पाणी आणि स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना कोपर न लावता उभी राहतील एवढी जागा. ठमीला स्वतःची खोली मिळाली. सहा वर्षांची पोर, पण रुबाब मालकीणबाईंचा. आम्हाला दार वाजवून आत यायला सांगितलं तिने. नवऱ्याने सामानाच्या एकाही खोक्यावर काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे चहाची गाळणी त्याच्या बुटांत सापडली. तरी आज त्याला सोडून दिलं. खुशीत आहे मी.

एक गंमत वाटली. इमारतभर पोरंच पोरं, पण एकाही घरातून आईचा आवाज येत नाही. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकते आणि गोड बोलते, त्याचा पगार मिळतो मला. घरी येऊनही फुकटात गोड बोलणं या बायांना कसं जमतं, देव जाणे.

१० जून, सोमवार

ठमीचा एक बूट गायब. दुधावर साय आली म्हणून भोकाड. खाली शाळेची बस हॉर्न मारतेय आणि नवरा मोबाइलमध्ये नाक खुपसून ढिम्म. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोघांवर असा तोंडाचा पट्टा सोडला की समोरच्या फ्लॅटमधली बाई दार उघडून बाहेर आली.

मला वाटलं, आता तक्रार करणार. पण तिचेही केस माझ्यासारखेच पिंजारलेले होते आणि आत तिचा मुलगा रडत होता, त्यामुळे ती मला आवडलीच. म्हणाली, हवं तेवढं ओरडा, फक्त 'दुसरी आई शोध' असं मुलीला कधी म्हणू नका, या इमारतीत ते चालत नाही. सोसायटीचा नियम आहे का, मी विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, मग ती येते.

शहाणपणा शिकवणारी ही आणखी एक. सासूबाई काय कमी होत्या.

१८ जून, मंगळवार

जेवायला बसल्यावर ठमीने सांगितलं की उद्या शाळेत ज्वालामुखी न्यायचाय. शाळेचा निरोप नवऱ्याच्या फोनवर केव्हाच आला होता. त्याला वाटलं, मी बघेन. मी बघेन! या घरात दिसतं फक्त मला, बाकीच्यांना डोळे शोभेला दिलेत. ताट बाजूला सारून वर्तमानपत्रं भिजवली, लगदा केला, डोंगर उभा केला. तर कन्यारत्न म्हणतं, मैत्रिणीच्या आईने धूर येणारा केलाय.

मग जा, म्हटलं, दुसरी आई शोध.

माझ्या आईने मला हे शंभरदा ऐकवलंय. कोण आलं होतं? पण ठमी रडली नाही. तिने दाराकडे पाहिलं.

१९ जून, बुधवार

ऑफिसातून आले तर ठमीची घट्ट वेणी घातलेली, डबा घासलेला, अभ्यास झालेला. ज्वालामुखीतून धूर आला म्हणे, वर्गाने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याला शाबासकी द्यायला गेले तर म्हणतो, मघाशी तूच तर केलंस सगळं, मग खाली गेलीस. तिडीक गेली डोक्यात. काम नाही ते नाही, वर माझीच थट्टा.

२४ जून, सोमवार

शाळेच्या बाईंचा फोन. पालकसभेत तुम्ही किती शांतपणे बोललात, म्हणाल्या. मी सभेला गेलेच नव्हते. रजा दिली नव्हती मला.

ठमीला समोर बसवून विचारलं. म्हणाली, दुसरी आई आली होती, ती ओरडत नाही. दूध सांडलं तरी म्हणते, तुझी गैरसोय झाली त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

माझं वाक्य आहे ते. फोनवरचं.

नवऱ्याला सांगितलं. तुला ताण आलाय, म्हणाला. हल्ली आपलं घर किती शांत असतं, म्हणाला. त्याला दिसत नाही का कोण वावरतंय घरात? की दिसतंय आणि चालतंय? त्याचा गळाच —

२६ जून, बुधवार

समोरच्या बाईकडे गेले. तिचे केस आज चापूनचोपून बसवलेले. मला म्हणाली, आपल्याला होणारा त्रास मी समजू शकते. तुम्हीच मला बजावलं होतंत ना, मी विचारलं. तिला काही आठवेना. ती पाणी आणायला आत वळली तेव्हा तिचा मुलगा माझा हात धरून कुजबुजला, मी नव्हती मागितली दुसरी आई, आईच बोलून गेली, रागात.

२७ जून, गुरुवार

नोकरी गेली खड्ड्यात. ठमीला एकटं सोडणार नाही. ऑफिसात तेवढं सांगायला गेले, परत आले —

किल्ली लागत नाही. बेल वाजवली, दार बडवलं. आतून माझा आवाज. मऊ. नवऱ्याने दाराच्या भिंगातून पाहिलं आणि तिला विचारलं, कोणी बाई आरडाओरडा करतेय, ओळखतेस का. ती नाही म्हणाली.

दहा वर्षं संसार केला याच्याशी. गाढव.

पुन्हा —

जिन्यात बसलेय. वहीत लिहिते, नाहीतर डोकं फुटेल. ओरडले, हो, ओरडले. तापात उशाशी कोण बसलं? रस्त्यावर हात सोडून पळाली तेव्हा जीव कुणाचा गेला? म्हणून ओरडले. माझी आहे ती. कोणाला देणार नाही.

पुन्हा —

ठमी. दाराच्या फटीशी. विचारतेय, खरी आई आत आहे की बाहेर. आतली छान आहे, म्हणाली, पण तिला माझा रागच येत नाही. तू ओरड. म्हणजे मला कळेल. मी दार उघडते.

पोरी माझ्या. श्वास घेतला. तोंड उघडलं —

आवाज आतून आला. ठमे, किती वेळा सांगितलं दाराशी जाऊ नकोस. चिरका. संतापलेला. माझा, अगदी माझा —

ठमी हसली. आलेच आई, म्हणाली. पावलं आत — लांब — ठमे, ती नाही, ठमे, मी —