रडतोंड्याचं वजन शून्य

९ सप्टेंबर, सकाळ
जगभरच्या पावसाच्या अंदाजात आमची चूक आता सर्वांत कमी. खुद्द साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. पाच मॉडेलं, प्रत्येकाला लायकीप्रमाणे वजन, सगळ्यांची मिळून एक सरासरी. कल्पना माझी. साहेब म्हणाले, 'आपली'. चालायचंच.

पाचव्या मॉडेलला मी रडतोंड्या म्हणतो. ढग दिसला की पूर. आई ताईकडे राहते, नदीकाठच्या गल्लीत, तळमजल्यावर, गुडघे गेलेले. गेल्या वर्षी रडतोंड्याचं ऐकून तिला खुर्चीसकट दोन जिने वर चढवायला लावलं. थेंब पडला नाही. गल्ली अजून हसते. यंदा त्याचं वजन शून्य.

संकल्प: घरच्यांशी हवामानावर बोलायचं नाही.

संध्याकाळ
ताईचा फोन. नदी गढूळ दिसतेय, आईला हलवू का? म्हटलं, चाळीस मिलिमीटर, कपडे तेवढे आत घे. म्हणाली, तुझं जग राहू दे, माझ्या गल्लीचं सांग. गल्ली जगातच येते, असं सुनावलं.

१० सप्टेंबर
नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या तीन पर्जन्यमापकांवर दोनशेच्या वर आकडे. सरासरीपासून फार लांबचा आकडा म्हणजे यंत्राचा बिघाड, तो गाळायचा, हा नियम माझाच. प्रोग्रामने गाळले. चौथा मापक अडतीस दाखवतो. शहाणा मापक.

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, तिन्ही यंत्रं एकदम कशी बिघडली हो? शिवाय तुमच्या उरलेल्या चारही मॉडेलांना ढग दाखवतो तो एकच उपग्रह. साक्षीदार चार, खिडकी एक. म्हटलं, तुम्ही उगाच घाबरता. रडतोंड्याची आत्या शोभतात. (हे मनात.)

रडतोंड्या दोनशे चाळीस म्हणतो. म्हणणारच.

११ सप्टेंबर, सकाळ
आमची चूक आणखी कमी झाली! बाई म्हणाल्या, न जुळणारे सगळे हाकलल्यावर दुसरं काय होणार? पोटदुखी.

ताईचा पुन्हा फोन. पाणी घाटाच्या पायऱ्या चढतंय, आणि आई तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. अभिमान वाटला. आईला स्वतः सांगितलं, जागची हलू नकोस.

दुपार
चौथ्या मापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला होता. पाणी आत जातच नव्हतं. तिथल्या निरीक्षकाने कळवलं. बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. आधीच बोलायला हवं होतं त्यांनी. वेळेवर कुणी बोलत नाही.

रडतोंड्याला पाच टक्के वजन द्यायला हरकत नाही. उद्यापासून.

संध्याकाळ
वरच्या खोऱ्यातलं धरण भरलं. दरवाजे उघडतायत, असं धरणावरच्या इंजिनियरनेच सांगितलं.

ताईकडे फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आई, मी चुकलो, वर जा. आई हसली. म्हणाली, ताईने पढवलं ना तुला? माझा मुलगा पावसात चुकत नाही. मग ताई आली फोनवर. आईने खुर्चीचे हात घट्ट धरलेत, म्हणाली, आणि खुर्ची उचलायला शेजारी येत नाहीत, गेल्या वर्षीची गंमत अजून विसरले नाहीत.

मी निघालोय. छत्री नाही, गरज पडणार नाही म्हणून आणलीच नव्हती. रस्ता मोकळा मिळाला तर तीन तास. ताईच्या गल्लीत पाणी त्याआधीच शिरेल, असं इंजिनियर म्हणतो. अंदाज त्याचा आहे, माझा नाही.