प्रेसखालचा हात

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता मेकॅनिकलची पदवी घेतली आहे, आपल्या घरातली पहिली. ती घेऊन अंबडच्या कारखान्यांच्या गेटागेटांवर फिरले, तर सगळीकडे एकच प्रश्न, "डिझाइनचं सॉफ्टवेअर येतं का?" कॉलेजात ते आम्हाला दाखवलं होतं, शिकवलं नव्हतं. म्हणून क्लास शोधायला निघाले. कॉलेज रोडच्या थंडगार क्लासमधल्या बाई म्हणाल्या, "मुलींना इंटिरियर बरं पडतं. प्रेसच्या डाय, ते पत्रा कापायचे साचे, कशाला शिकतेस? कुणाचा सूड घ्यायचाय का?" त्या हसत होत्या. मी जिना उतरले.

अजूनही ती दुपार समोर येते. तुम्ही जेवायला बसला आहात, भाजीत मीठ जास्त पडलंय. ताट भिंतीवर आपटतं, मग आईचे केस तुमच्या उजव्या मुठीत आणि तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर. मी मध्ये आले, तर त्याच हाताची मलाही बसली. "मध्ये पडायचं नाय, किती वेळा सांगितलं!" मग तोंड धुऊन तुम्ही दुसऱ्या पाळीला गेलात, आणि तोच हात प्रेसखाली गेला. खरं तर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ती प्रेस खाली येत नसे, म्हणजे हात बाहेरच राहायला हवेत. पण तुम्ही सगळेच सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण कायमचं दाबून ठेवायचात. एक हात पत्रा सरकवायला मोकळा, नग जास्त. कुणी तपासायला आलं की पट्ट्या खिशात. तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका घरी येऊन मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, पट्टी त्यानंच बांधली होती. लय घट्ट." चार बोटं गेली. आईने तुम्हाला महिनोन् महिने घास भरवले. आणि जखम भरायच्या आत तुमचा डावा हात मारायला शिकला.

शेवटी सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर क्लास सापडला. सरांनी डाय बनवणाऱ्या टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, ओरडल्याशिवाय त्यांना शिकवता येत नाही. शेवटच्या आठवड्यात म्हणाले, "प्रेसची एक डाय पूर्ण काढून आण. जमली तर टूलरूमला तुझं नाव कळवतो. नाही जमली तर जा, सोफे काढत बस." मी डाय काढली, सुरक्षेसाठी दोन बटणं दाखवली. त्यांनी बघितलं आणि खेकसले, "ही बटणं पोरं चहा निवायच्या आत बांधतील! कुठल्या जगात राहतेस?"

मला ते जग त्यांच्याइतकंच माहीत होतं. घरी येऊन मी स्क्रीनवर एक हात काढला, नळकांड्यांची बोटं, ठोकळ्याचा पंजा. तो डायमध्ये ठेवला आणि वरचा भाग खाली आणला. दोन वस्तू एकमेकींत घुसल्या की सॉफ्टवेअर तेवढी जागा लाल करतं. चार बोटं लाल झाली. मग मी बटणांचा नाद सोडला आणि डायभोवती पोलादी पेटी काढली, पत्रा सरकेल एवढीच फट असलेली. हात सगळ्या बाजूंनी घालून पाहिला. बोटाचं टोकसुद्धा आत जात नव्हतं.

सरांनी ते चित्र बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं. "बांधायला काही ठेवलंच नाहीस की गं," ते म्हणाले. "सोमवारी टूलरूमला जा. आणि तिथं रडायचं नाही."

"मी रडत नाहीये, सर."

"मग डोळे पूस."

आई गल्लीत सांगते, पोरीने बापाच्या आठवणीने हे केलं. ते खोटं नाही. माझ्या डायवर कुणाचं बोट जाऊ नये, एवढ्यासाठीच मला हे काम करायचं आहे. पण हे पत्र तिला वाचून दाखवता येणार नाही, म्हणून कुठेच जाणार नाही. टूलरूममध्ये निवड झाली त्या दिवशी घरी येऊन मी ती पेटी काढून टाकली. तुमचा उजवा हात परत आत ठेवला. त्याच्या शेजारी डावा काढला. प्रेस खाली आणली, वर नेली, परत खाली आणली. आई चहा घेऊन आली तेव्हा सगळी स्क्रीन लाल होती. "काय गं हे?" तिने विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, तपासतेय." तपासत नव्हते, अप्पा. मला बरं वाटत होतं.