डावखुरी आमच्या दवाखान्यात

तीर्थरूप बाबांना नमस्कार, आणि आईलाही.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी. आईचे गुडघे कसे आहेत?

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आपली डावखुरी आमच्या दवाखान्यात येते. टीव्हीवर तिचा टेनिसचा सामना लागला की तुम्ही म्हणायचात, "बघ, गेलेल्या पॉइंटमागे ती धावत नाही." तिलाही तुमच्यासारखाच पक्षाघाताचा झटका आला आणि नेमका डावा हात लुळा पडला. तिचे व्यायाम मीच घेते.

परवा तिच्या हातातून स्पंजचा चेंडू सारखा निसटत होता. शेवटी तिने उजव्या हाताने तो भिंतीवर भिरकावला, मला चार शब्द सुनावले, आणि दम खाऊन म्हणाली, "आण तो इकडे."

मी तुमच्याबद्दल सांगितलं. तिने विचारलं, "चिडतात का ते?"

"चिडायचे. डॉक्टरांवर, आईवर, औषधांवर."

"आणि आता?"

मी तिला आईच्या पत्रातलं सांगितलं. आईने लिहिलंय की तुम्ही व्यायामवाल्या ताईंना यायला नको म्हणालात आणि दिवसभर खिडकीशी गप्प बसून असता.

"चिडणारा माणूस अजून खेळत असतो," ती म्हणाली. "गप्प बसणाऱ्याची मला धास्ती वाटते." चेंडू पुन्हा निसटला. तिने पुन्हा मागितला.

बाबा, ताईंना बोलवा. आणि हे वाचून माझा राग आला, तर आईकडून निरोप नको. स्वतःच्या हाताने मला रागावून लिहा. अक्षर कितीही वाकडं येऊ दे.

वाट बघणारी तुमची,
चिमी