टॅकोचा मसाला आणि तुझी बंदी

आई,

टॅको म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुझ्या डोक्यावरून जाईल. मक्याची पातळ कडक पोळी, मधोमध दुमडलेली, तिच्यात राजमा नाहीतर खिमा, वरून कांदा, टोमॅटो, कोबी आणि घट्ट दही. मेक्सिको म्हणून एक देश आहे, तिकडे खातात. तू म्हणाली असतीस, म्हणजे पापडाच्या घडीत उसळ भरायची, त्यात काय एवढं. तुझंही बरोबरच आहे म्हणा, पण तुझी नात त्याच्या मागे खुळावली आहे. तू गेलीस तेव्हा ती आठ वर्षांची होती, आता सव्वीसची आहे. आठवडाभर घरात बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम करते आणि शनिवार उजाडला की माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेते. गंगापूर रोडला टॅकोची छोटी गाडी लावायची, असं तिच्या मनात आहे. लोक खातात की नाही हे बघायला तिने आमच्या सोसायटीच्या आनंदमेळ्यात स्टॉल घेतला. मेळा चार दिवसांवर आला तेव्हा कळलं, ती पाकिटातला जो तयार मसाला वापरते तो सगळ्या नाशकात कुठेच नाही. कॉलेज रोड पालथा घातला, इंदिरानगर झालं, एका दुकानदाराने तर तिला पावभाजी मसाला हातात ठेवला. घरपोच मागवावा तर आठवडा लागणार. मी पोळ्या लाटत होते. ती दारात येऊन म्हणाली, आई, तूच करून दे ना घरी. मी लाटणं खाली ठेवलं आणि माझं ठरलेलं वाक्य बोलले: मला आजीची बंदी आहे.

हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तुझ्या जावयाने तर पाहुण्यांसमोर ते इतक्यांदा सांगितलंय की त्याला त्यात माझी भरही लागत नाही. मी एकोणीस वर्षांची होते. नाशिकरोडचं आपलं क्वार्टर, मागच्या अंगणात तीन विटांची चूल, वर लोखंडी कढई आणि जमिनीवर जुन्या धोतरावर पसरलेला वर्षाचा मसाला. धने भाजून झालेले, खोबरं भाजून झालेलं, सटाण्याहून मामाने पाठवलेला कांदा वाळवून, तळून काळसर केलेला. राहिल्या होत्या फक्त मिरच्या. तू माझ्या हातात झारा दिलास, मंद आंच ठेव, हलवत राहा, एवढं सांगितलंस आणि कांडपाच्या गिरणीत नंबर लावायला गेलीस. मला मैत्रिणीबरोबर तीनच्या सिनेमाला जायचं होतं. मंद आंचेवर काय ते पाच वाजले असते. मी दोन लाकडं आणखी सारली. पुढे काय झालं ते सगळ्या क्वार्टर्सना कळलं, कारण शेवटच्या खोलीपर्यंत माणसं खोकत बाहेर आली. शेजारच्या काकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, कोणाची दृष्ट काढतेस गं एवढी. इथवर मी फक्त वेंधळी होते. गुन्हा त्यानंतरचा. मिरच्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या, त्या फेकून दिल्या तर तुला दिसेल, म्हणून मी त्या सगळ्या ढिगात मिसळून टाकल्या. चांगल्या धन्यांत, चांगल्या खोबऱ्यात, वर-खाली करून, अगदी मन लावून. एवढ्या मनापासून मी आयुष्यात दुसरं काही मिसळलं नसेल.

तू आलीस, ओंजळ भरलीस, नाकाशी नेलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू खाली बसलीस आणि राग फार झाला की तुझी जी माहेरची बोली बाहेर यायची त्या बोलीत म्हणालीस, "हाई तुनं काम नही शे." हे तुझं काम नाही. मग उठून, मला नीट समजावं म्हणून, मराठीत सांगितलंस की या घरात मसाल्याला पुन्हा हात लावायचा नाही. तो मसाला तू टाकला नाहीस. वर्षभर आपण कडवट आमटी खाल्ली. बाबा रोज जेवताना गुळाचा खडा मागून घ्यायचे. मला तो खडा दिसला की जीव नकोसा व्हायचा.

तेव्हापासून मी देठं खुडणारी. लग्न होईपर्यंत दर उन्हाळ्यात मिरच्यांची देठं काढायची आणि लांब बसून बघायचं, एवढंच माझ्याकडे. लग्नानंतर तू दरवर्षी बरणी पाठवायचीस, वर हिंगाचा खडा खोचलेला, कीड लागू नये म्हणून. तू गेल्यावर मी पाकिटं आणायला लागले. गोडा पाकिटातला, काळा पाकिटातला, सांबार पाकिटातलं. कोणी नाक मुरडलं की तुझं नाव पुढे करायचं. किती सोयीचं होतं ते.

पण या वेळी लेक हटेना. ती म्हणाली, आजीची बंदी आपल्या मसाल्याला होती, हा तर परदेशातला, त्याला कशी लागू होईल. मला ते एकदम पटलं, म्हणजे पटवून घ्यावंसं वाटलं. तिने फोनवर यादी काढली. जिरं, लाल तिखट, लसणाची पूड, कांद्याची पूड, मिरी, मीठ, चिमूटभर साखर आणि ओरेगॅनो नावाचा वाळका पाला. हसू आलं मला. कांदा-लसूण-मिरची-जिरं, हे तर आपल्याच घरातलं. कांद्याचे आणि लसणाचे काप गच्चीत वाळत घातले, ऊन असं की दोन दिवसांत कुरकुरीत. ओरेगॅनोच्या पुड्या तर फ्रिजच्या दारात वर्षानुवर्षं साठल्या आहेत, पिझ्झा आला की येतात, टाकवत नाहीत. तीसेक तरी निघाल्या. लेकीने एकेक फोडून वाटीत रिकामी केली आणि म्हणाली, आई, तू ही तयारी कधीपासून करत होतीस.

पहिला घाणा मी केला तो बघून तू कपाळाला हात लावला असतास. यादीत सगळं नुसतं वाटून एकत्र करा असं होतं. कच्चं? भाजायचं नाही, तेलाचा थेंब नाही? मला ते काही केल्या रुचेना. इतकी वर्षं लांबून बघितलेलं सगळं हातात उतरलं. कढई तापवली, तेल सोडलं, जिरं वेगळं, मिरी वेगळी, कांदा वेगळा, एकेक काळसर होईपर्यंत परतलं. मग वाटलं, खोबऱ्याशिवाय कसं मिळून येईल, म्हणून अर्धी वाटी खोबरं. मग खोबरं आहे तर थोडं दगडफूल. राजम्याला तो मसाला लावला, रंग असा आला की काय सांगू. लेकीने एक घास घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, ही मिसळ झाली." तुझा जावई उठला, चप्पल घातली आणि पाव आणायला गेला. आम्ही तिघांनी त्या राजम्यावर फरसाण घालून तो संपवला. खोटं का बोलू, फार चांगला झाला होता. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हाताला अशी चव आली नव्हती, आणि तुझी मला तेव्हा इतकी आठवण आली की मी वाढायच्या निमित्ताने ओट्याकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी हात बांधून. फक्त जिरं तेवढं कोरडं गरम करायचं, बाकी काही नाही. कढईत जिरं टाकलं आणि आई, मी एक पाऊल मागे सरले. चौपन्न वर्षांची बाई, सिन्नरच्या कारखान्यात साहेबांना दम देणारी, आणि मूठभर जिऱ्याला भ्यायले. तू म्हणायचीस, वास नाकात भरला म्हणजे उशीर झाला, वास निघतोय निघतोय वाटलं की उतरव. मी गॅस अगदी बारीक केला, झारा खाली ठेवला नाही, फोन वाजला तो घेतला नाही. वास निघतोय असं वाटलं आणि उतरवलं. मिक्सरमधून काढलं, चाळलं, सगळं एकत्र केलं. जमलं. पाकिटापेक्षा उजवं जमलं. लेक बोट बुडवून चाटत राहिली आणि मी काचेच्या बरणीत भरून सवयीने वर हिंगाचा खडा खोचून दिला. ती चूक म्हणायची की नाही तूच ठरव, कारण मेळ्याच्या दिवसापर्यंत सगळ्या मसाल्याला हिंगाचा मंद वास चढला होता.

मेळ्यात आमच्या स्टॉलसमोर रांग लागली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कवळी जपत जपत दोन टॅको खाल्ले आणि थोडी तर्री मिळेल का असं विचारलं. समोरच्या विंगेतल्या भाभी, बिर्याणीसाठी सगळ्या सोसायटीत प्रसिद्ध, त्यांनी डोळे मिटून चावलं आणि म्हणाल्या की यात काहीतरी आहे जे बाहेर मिळत नाही. हिंग, मी मनात म्हणाले आणि पुढचा टॅको भरला. नऊ वाजायच्या आत राजमा संपला. लेक आनंदाने नुसती फुलली होती, गाडी लावायचीच हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. मला खांद्याला धरून तिने सगळ्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, हा मसाला माझ्या आईने केला, आणि गंमत म्हणजे आमच्या आजीने तिला शेवटपर्यंत मसाल्याला हात लावू दिला नाही. सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, जुन्या बायका फार कडक हो. मीही हसले. मान डोलावली.

घरी आल्यापासून ते हसणं मला टोचतंय, म्हणून हे लिहायला बसले. लेकीला ठाऊक नाही, तुझ्या जावयालाही नाही. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात तू मला फोन केला होतास. मिरच्या आणल्यात म्हणालीस, धने निवडून झालेत म्हणालीस. मग म्हणालीस, "या वर्षी तू भाज. मी बाजूला बसते." मी सांगितलं की रजा मिळत नाही. रजा होती, आई. बारा दिवस शिल्लक होती. तुझ्यासमोर पुन्हा करपला तर काय, या भीतीने मी आले नाही. तू फक्त बरं म्हणालीस आणि त्या गुडघ्यांनी एकटीने सगळा मसाला भाजलास. दिवाळीनंतर तू गेलीस, तेव्हा माझ्याकडे आलेली बरणी अर्धीसुद्धा संपली नव्हती. बंदी तू कधीच उठवली होतीस. अठरा वर्षं ती मीच चालवली, तुझ्या नावावर.

हे लेकीला उद्या चहाच्या वेळी सांगणार आहे, आणि जुन्या बायका कडक म्हणणाऱ्या त्या बाईंनाही. पण एक गोष्ट आज तुलाच सांगते. त्या उन्हाळ्यात मी आले असते तर मसाला बहुतेक पुन्हा करपलाच असता. आणि तू या खेपेला हसली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं.