आईचा ट्रॅक

८ जून, रविवार
निर्णय पक्का. श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची कानबाई देवी बसायच्या आत आईची गाणी रेकॉर्ड करायची. देवीला निरोप देतानाचं गाणं तर सुरतेतल्या आख्ख्या पांडेसऱ्यात आता तिलाच येतं. वर्षा म्हणाली, मोबाइलवर घेऊन टाका. बायकोला क्वालिटी कळत नाही. आपल्याकडे दोन सिंथेसायझर आहेत, टॅबलेट आहे. आठ ट्रॅक. सातांवर मी, आठव्यावर आई.

११ जून
टॅबलेटला भोक एकच. चार्जर लावला तर सिंथ लागत नाहीत. एका भोकाची चार करणारा हब मागवला. आई चांगलं लुगडं नेसून बसली होती. आज फक्त टेस्टिंग, असं तिला सांगितलं.

१५ जून
हब आला. सोबत गुणगुण आली. अर्थिंगचा प्रॉब्लेम. फ्रिज बंद करून पाहिला. गुणगुण तशीच, दूध नासलं. वर्षा बोलत नाही. रेकॉर्डिंगला शांतता बरी.

२२ जून
जुना सिंथ नव्याच्या मागे रेंगाळतो. दोघांचा ठोका जुळवण्यात रविवार गेला. पण ड्रम झाला. अप्रतिम. ऑफिसात डिस्पॅचची चलनं बाजूला ठेवून ऐकत बसलो.

२८ जून, शनिवार
आईच्या गळ्यातली गाठ काढायची. दहा जुलैला. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस शेजारीच आहे, आवाज बसू शकतो, क्वचित कायमचाही. वर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, डेडलाइन असली की माझं काम चांगलं होतं. रात्री दोनदा उठून आईपाशी जाऊन आलो. पंख्याचा आवाज तपासायला.

२ जुलै
पहिला टेक. आईला हेडफोन लावला, त्यात तालाचा टकटक क्लिक सोडला. ती दचकली. "हाई कोन ठोकी ऱ्हायनं रे?" तिला ताल समजावला. ती श्वास घेते नेमका तिथे माझा ठोका पडतो. तिला प्रॅक्टिस लागेल.

६ जुलै
आईचा सूर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्ये. तिथे पट्टीच नाही. थोडं वर ये म्हटलं. आली, पण मग शब्द विसरली. बुधवारी नक्की.

९ जुलै, बुधवार
दुपारी आईला ॲडमिट करायचं होतं. सकाळीच सगळं जोडलं. टॅबलेटने अपडेट मागितलं. आईला जुन्या व्हर्जनवर कशाला घ्या? अपडेटनंतर त्याला नवा सिंथ ओळखू येईना. तेवढ्यात आईने देवापाशी बसून गाणं सुरू केलं. वर्षाने मोबाइल काढला. तिला म्हटलं, त्याने खरखर येते, बाहेर ठेव. आईला म्हटलं, थांब, गळा राखून ठेव. ती लगेच थांबली.
सिंथ चालू झाला तेव्हा दाराशी रिक्षा उभी होती.

१३ जुलै
गाठ साधी निघाली. देवाची कृपा. आई बोलते तेव्हा नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतात वाट पाहा. तिला माझे सात ट्रॅक ऐकवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आवडले असणार.

३ ऑगस्ट, रविवार
शेजारच्या उषाबाईंकडे कानबाई बसली. नवा प्लॅन: उद्या विसर्जनाला टॅबलेट घेऊन जायचं, बायकांचा कोरस घ्यायचा. आईची जागा मोकळी ठेवू, आवाज आला की भरू.

४ ऑगस्ट, सोमवार
कानबाई उचलायची वेळ झाली. निरोपाच्या गाण्यासाठी सगळ्या बायका आईकडे पाहू लागल्या. तिने नकारार्थी मान हलवली. उषाबाईंनी गाणं सुरू करून पाहिलं, पहिल्या ओळीनंतर अडल्या. मग आईने मला जवळ ओढलं. कानाशी नुसता श्वास. "तू म्हन. तुले येस ना?"
येतंच की. जन्मभर ऐकलंय. मी उभा राहिलो, टॅबलेटवर रेकॉर्डिंग चालूच होतं. दोन शब्द आले. पुढे माझा ड्रम आठवत राहिला.
बायकांनी देवीचा जयजयकार केला आणि निघाल्या. आई माझा हात धरून चालत होती.
घरी येऊन ऐकलं. गुणगुण नाही, खरखर नाही. माझे दोन शब्द अगदी स्वच्छ आले आहेत.