तिसऱ्या वाफ्यातल्या फुलांचा रस

बाबा, फावड्याच्या दांड्यानं तुम्ही आईचं मनगट मोडलंत, त्या दिवसाबद्दल लिहिते आहे. तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली.

ब्रह्मपुरीजवळच्या त्या चारा-बियाणे केंद्रावर तुम्ही मुकादम होतात. बरसीम घासाचे सात-आठ वाण, एकच माती, एकच पाणी, तरी एकाच्या फुलात रस ओथंबलेला आणि शेजारच्याच्या फुलात नावापुरता. तुमचा जीव तिसऱ्या वाफ्यावर; तिथल्या वाणात सगळ्यांत जास्त रस, असं तुमचं म्हणणं. "कान लावून आयक, मधमाशी खोटं बोलत नाई," म्हणायचात. पहाटे, माश्या यायच्या आधी, आई त्या फुलांना मलमलीच्या पिशव्या बांधायची. दुपारनंतर केसाएवढ्या काचेच्या नळीनं तुम्ही रस ओढून मोजायचात. मी बारावी झालेली, पण नळीला हात लावू द्यायचा नाहीत. "फोडशीन," एवढंच.

त्या दिवशी तो वाण बघायला येणाऱ्या साहेबांना आणायला तुम्ही स्टँडवर गेलात, आई चुलीपाशी होती. मी नळी उचलली, तिसऱ्या वाफ्यातल्या पिशव्या सोडल्या. नळी भरत होती, बाबा! भरली की तळहातावर फुंकायची, चाटायची, की पुढचं फूल. हावरटासारखा सगळा वाफा कोरडा केला आणि पिशव्या पुन्हा बांधून टाकल्या.

चार वाजता तुमची नळी कोरडी निघते. साहेब हसतात, "हाच का तुमचा लाडका वाण?" ते गेल्यावर तुम्ही आईकडे वळता.

"कोणं बांधल्या पिशव्या?"

"म्याच बांधल्या. गाठ ढिली राह्यली असन, माश्या घुसल्या असतीन."

पहिला दांडा पाठीवर. दुसऱ्याला ती हात आडवा धरते. हाड मोडल्याचा आवाज मी दाराआडून ऐकला आणि तिथून हलले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो वाफा मुळासकट खणून बैलांपुढे टाकलात.

चूक कोणाचीही असो, दांडा तुमचा होता. त्याची माफी माझ्याकडून कधीच मिळणार नाही. पण तुमचा वाण खरा होता, हे फक्त मला ठाऊक आहे. जित्या माणसाला सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते, जिथं टपाल जात नाही.

आई माझ्याकडेच असते. काल भात वाढताना पातेलं त्या हातातून निसटलं. "तुया बाबाचा हात जड होता," ती म्हणाली, "पण गाठ म्याच ढिली बांधली होती न."

मी खाली सांडलेला भात गोळा केला आणि म्हटलं, "जाऊ दे वं माय, होते चूक माणसाच्या हातून."