सातव्या हातपंपाची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पर्यावरणीय भू-रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हृदयाचे डॉक्टर घाई नाही म्हणतात. पण माझ्याकडे न बघता म्हणतात, म्हणून आताच लिहून ठेवते.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. मागच्या खोलीतले भाडेकरू घड्याळजी हयात असेतो तिथेच राहतील. त्यांच्या रेडिओवरून तिने कटकट करू नये.

२. पुस्तके विभागाच्या ग्रंथालयाला. माजी विभागप्रमुखांना काहीही नाही. नऊ वर्षे त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांना तळघरात, गळक्या नळाखाली बसवले. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये; ते थांबत नाहीत.

३. पाण्याची आम्लता मोजायचे यंत्र आणि नवे गमबूट माझ्या शेवटच्या विद्यार्थ्याला. बूट चावतील, पण तो सांगणार नाही. उलट बोलायला शिकवणे माझ्याकडून राहून गेले.

४. हे कलम थोरलीबद्दल. माझ्याकडे पीएच.डी.ला आलेली ती पहिली, म्हणून सगळे तिला थोरली म्हणत. नदीकाठच्या एका वस्तीतल्या बारा हातपंपांचे पाणी तिने तपासले. सातव्यात आर्सेनिक मर्यादेच्या आठपट निघाले, बाकी अकरा स्वच्छ.

मी म्हणाले, "बाटली नीट धुतली नसशील."

"तीनदा धुतली, मॅडम. पुन्हा नमुना आणू?"

"एका आकड्यापायी प्रबंध लांबवायचा नाही. काढून टाक तो."

तिने काढला. पदवी घेतली आणि संशोधन सोडून शाळेत शिकवायला गेली. आमच्या लेखात छापून आले: वस्तीचे पाणी पिण्यायोग्य.

सहा वर्षांनी तिथल्या लोकांच्या तळहातांवर खडबडीत गाठी उठल्या. सगळे सातव्या पंपाचे पाणी पिणारे. पंप बंद झाला. थोरलीने राखून ठेवलेली त्याच नमुन्याची दुसरी बाटली मी कपाटातून काढून गुपचूप तपासली. आकडा तोच. त्याला अकरा वर्षे झाली, मी ताकास तूर लागू दिला नाही. शेजारी विषारी कचरा पुरणाऱ्या कारखान्याचा वकील वस्तीच्या दाव्यात आजही माझाच लेख पुढे करतो.

तरी माझ्या मृत्यूनंतर या चुकीची दुरुस्ती माझ्या नावे छापावी आणि माझ्याकडे राहिलेल्या थोरलीच्या प्रयोगवह्या तिला परत द्याव्यात.

५. वरचे कलम वाचून दाखवायला काल थोरलीला बोलावले. तिचे केस पिकलेत. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"मेल्यावर कशाला, मॅडम?"

"जिवंतपणी तोंड दाखवायला जागा उरणार नाही गं."

"मला इतकी वर्षं वाटत होतं, माझंच चुकलं. शाळेत अजून एकेक बाटली मी चारदा धुते."

मी माफी मागितली.

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी पत्र लिहा."

म्हणून कलम चारमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द रद्द समजावेत. दुरुस्तीचे पत्र आज सकाळी नियतकालिकाला आणि वस्तीच्या वकिलांना गेले. वह्या थोरली घेऊन गेली. गुरुवारी आम्ही दोघी वस्तीत जाणार आहोत. तिथे काय बोलायचे, ते मला अजून सुचलेले नाही.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चार मार्च, मंगळवार

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर सही झाली:
(सही) कोपऱ्यावरचे औषधवाले
(सही) शेजारच्या शिवणकामवाल्या ताई